‘निघालो’ लिहायला बटण किती वेळा दाबायचं?

गेल्या अंकात मोबाईलवर मराठी लिहिताना येणाऱ्या अडचणी कळवा म्हटलं होतं. सांगली-साताऱ्याकडून भरपूर पत्रं आली, आणि बहुतेकांत एकच विचारणा आहे: बटणांचा फोन बरा, पूर्ण कीबोर्डवाला बरा, की काचेवरच बोट फिरवावं? मी सांगलीत विश्रामबागेला टायपिंगचा क्लास चालवते. आधी मशीनवर शिकवायचे, आता कॉम्प्युटरवर शिकवते. त्यामुळे माणूस फोनवर लिहीत असला की मी फोन बघत नाही, त्याची नजर कुठे आहे ते बघते. नजर बोटांवरच खिळलेली असेल, तर ते यंत्र त्या माणसाच्या हाताला अजून लागलेलं नाही. खालची उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न: माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की हातात रबरी मोजे आणि अंगावर औषध. पोरगं म्हणतंय, बटणांचा डबा टाका आणि टच घ्या. पण टचवर ओल्या हातानं काही उमटतच नाही. काय करावं?
— एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर: काका, डबा टाकू नका. टचची काच दाबण्यावर चालत नाही. बोट टेकलं की काचेखालच्या विजेच्या क्षेत्रात बारीकसा फरक पडतो आणि फोन तो ओळखतो. जाड रबरी मोजा हा फरक काचेपर्यंत पोचू देत नाही, आणि पाण्याच्या थेंबाला मात्र काच बोट समजते. म्हणून ओल्या काचेवर कधी काहीच उमटत नाही, कधी भलतंच उमटतं. काही टच फोनमध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवायची सोय असते, पण ती पातळ मोज्यांपुरती. बटणाचं काम वेगळं आहे. त्याच्याखाली पत्र्याची फुगीर चकती असते. दाबली की ती बसते, खालचे संपर्क जोडते, सोडली की उसळते. बोट ओलं आहे की मोज्यात आहे, याचा तिला फरक पडत नाही. आणि चकती बसली हे बोटाला कळतं, त्यामुळे ब्लोअरच्या आवाजातही बघितल्याशिवाय नंबर लावता येतो.

मुलाचंही मात्र ऐका. पानावर डाग दिसला की फोटो काढून सल्लागाराला पाठवायचा, पावसाचा अंदाज बघायचा, बेदाण्याच्या सौद्याचा दर बघायचा, याला मोठी स्क्रीन लागतेच. बागेत बटणांचा आणि घरी टचचा, असे दोन ठेवा. बटणांच्या फोनमध्ये तयार संदेश साठवायची सोय बहुधा असते. ‘ट्रॅक्टर पाठव’, ‘औषध संपलं’, ‘लाईट आली का’ असे चार-पाच संदेश एकदा शांतपणे लिहून ठेवा, म्हणजे बागेत उभं राहून अक्षरं जुळवायला नकोत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. औषधाच्या मोज्यांनी उघडा फोन हाताळू नका. औषध बटणांच्या फटीत बसतं आणि संध्याकाळी तोच फोन गालाला लागतो. फोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. बटणं पिशवीवरूनही नीट दाबली जातात. घरी आल्यावर पिशवी टाकून द्या.

प्रश्न: वय झालं, हात थरथरतो. काचेवर ‘क’ दाबायला जावं तर शेजारचंच अक्षर उमटतं. बटणांच्या फोनवर हात ठरतो, पण मराठी लिहिताना एकेका अक्षराला किती वेळा दाबायचं! नात म्हणते, आजी इंग्रजी अक्षरांत लिही. मला ते पटत नाही. लौकर लिहिता येईल असं काही आहे का?
— एक आजी, वाई

उत्तर: आजी, या बटणांवर अक्षरं छापली गेली ती मुळात लिहिण्यासाठी नव्हेच. अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंजला नावं असत. त्या नावातली पहिली अक्षरं फिरवता यावीत म्हणून आकड्यांच्या शेजारी अक्षरं आली. दोनवर ए-बी-सी, तीनवर डी-ई-एफ, असं. पुढे मोबाईल आले तेव्हाही लिहिण्याचा विचार मागेच होता. ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थ या इंग्लंडमधल्या इंजिनिअरने जगातला पहिला एसएमएस पाठवला, तो कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाईप करून, कारण पलीकडच्या फोनवर नुसता वाचायची सोय होती. त्यानंतर सगळ्या जगाने याच बारा बटणांवर लिहायला सुरुवात केली.

नातीचा सल्ला मी बोटं मोजून तपासला. आपल्याकडे एसटीत बसलं की हमखास जाणारा शब्द घ्या: निघालो. इंग्रजी अक्षरांत तो होतो एन, आय, जी, एच, ए, एल, ओ. एनसाठी सहाचं बटण दोनदा. आय, जी आणि एच ही तिन्ही अक्षरं चारच्याच बटणावर, म्हणून तीनदा दाबा, थांबा, एकदा दाबा, थांबा, मग दोनदा. एला दोन एकदा, एलला पाच तीनदा, ओला सहा तीनदा. सात अक्षरांना पंधरा वेळा दाबणं, शिवाय मध्ये दोनदा थांबणं. थांबलो नाही तर फोन आधीचंच अक्षर बदलत राहतो. थरथरत्या हाताला ही थांबण्याची वेळ सांभाळणं फार अवघड जातं. तेव्हा इंग्रजी अक्षरांतही सोपं काहीच नाही.

देवनागरीत काय होतं? ज्या फोनवर एका बटणावर क-ख-ग-घ-ङ असा एक वर्ग बसवलेला असतो, तिथे ‘घ’ चौथ्या दाबाला येतो. ‘न’ पाचव्या, ‘म’ही पाचव्या. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे, म्हणून लहान मुलाच्या तोंडात ती चटकन बसते. पण तीच बटणावर उतरवली की त, थ, द, ध ओलांडून ‘न’ गाठावा लागतो आणि प, फ, ब, भ ओलांडून ‘म’. मराठीत न आणि म वाचून एक ओळ पुरी होत नाही. मी, माझं, आम्ही, नको, आणि, नाही, सगळीकडे तीच. तुमचा वैताग वयाचा नाही आजी, मांडणीचा आहे. रोज लागणारी अक्षरं सगळ्यात लांब ठेवली आहेत.

यावर इंग्रजीत तोड निघाली होती. अमेरिकेतल्या टेजिक नावाच्या कंपनीने १९९० च्या दशकात टी-नाईन आणलं. प्रत्येक अक्षराला बटण एकदाच दाबायचं आणि शब्द फोनने ओळखायचा. या माणसांनी आधी अपंग व्यक्तींना लिहिता यावं म्हणून काम केलं होतं, तिथूनच ही कल्पना निघाली. ‘निघालो’ तसा लिहिला तर ६-४-४-४-२-५-६, सात दाबांत काम व्हावं. पण फोनमधला शब्दकोश इंग्रजी असेल तर त्यात हा शब्दच नसतो. म्हणून फोन घेताना ‘प्रेडिक्टिव्ह’ किंवा ‘डिक्शनरी’ मराठीत चालू होते का, हे नातीला दुकानातच बघायला सांगा. चालू झाली तर तुमचं निम्म्याहून जास्त दाबणं वाचेल.

भारतीय मानक आयएस १६३३३ (भाग ३) प्रमाणे फोनवर २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि हिंदी, इंग्रजी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. ती ‘आणखी एक’ भाषा मराठीच असेल असं नाही. म्हणून काउंटरवर उभं राहून ‘सकाळी बाळ आलं’ एवढं लिहून बघायचं. ‘ळ’ सहज मिळाला तरच पैसे द्यायचे. हिंदीच्या मांडणीवर ‘ळ’ हुडकत बसावं लागेल असा फोन तुम्ही घेऊ नये.

मजकूर आटोपशीर ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० खुणा मावतात, देवनागरीत ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. एकट्या ‘क्ष’ला तीन लागतात. तरीही ‘सुखरूप पोचले’ यात मोकळी जागा धरून फक्त बारा होतात, म्हणजे पुष्कळ जागा उरते. लिहिताना फोन हातात धरू नका. टेबलावर, खाली रुमाल घालून ठेवा, डाव्या हाताने दाबून धरा आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने लिहा.

टच वापरायचाच झाला तर फोन आडवा करा म्हणजे अक्षरं रुंद होतात, आणि कीबोर्डची उंची सेटिंगमधून वाढवून घ्या. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड तयार झाला आहे. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी उघडते आणि बोट हव्या त्या मात्रेकडे सरकवायचं. तुम्ही बाराखडी पाठ केलेल्या पिढीतल्या, तुम्हाला तो परका वाटणार नाही. नातीच्या फोनवर एकदा बघा.

प्रश्न: मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. सभेत, बैठकीत भराभर मराठी टिपणं घ्यायची असतात. कीबोर्डवाला जुना ब्लॅकबेरी स्वस्तात मिळतोय. घेऊ का बाई?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: तुझी ओढ मला कळते. दोन अंगठ्यांनी लिहायला फोनवर याहून चांगलं काही झालं नाही, असं माझंही मत आहे. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर उघडला की आत पूर्ण कीबोर्ड होता. १९९९ मध्ये ब्लॅकबेरीचं पहिलं यंत्र, ८५०, आलं आणि अंगठ्यांना धरून बटणांना आकार द्यायची रीत पडली. २००८ च्या नोकिया ई-७१ वर आणि २०१० च्या सी-३ वर माझ्या क्लासमधली मुलं स्क्रीनकडे न बघता लिहायची. बटणाला कड असते. अंगठ्याला शेजारच्या अक्षराची हद्द लागते, म्हणून नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर ठेवता येते. बातमीदाराला हवंय ते हेच.

पण जुना ब्लॅकबेरी घेऊ नकोस. कंपनीच्या स्वतःच्या सिस्टीमवर चालणाऱ्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली. त्यावर कॉल आणि मेसेजचाही भरवसा उरलेला नाही. २०१७ चा की-वन आणि २०१८ चा की-टू अँड्रॉईडवर आहेत, पण तो अँड्रॉईड आता जुना झाला. त्यावर बँकेचं ॲप टाकण्याचं धाडस करू नये.

त्याहून मोठी अडचण मराठीची आहे. त्या बटणांवर रोमन अक्षरं आहेत. तू के-ए-एल दाबणार आणि फोन विचारणार: काल, काळ, कळ की कल? सभा चालू असताना प्रत्येक शब्दाला खाली बघून निवड करावी लागली, तर कीबोर्ड असून फायदा काय? बोटं मोकळी झाली तरी नजर अडकलेलीच राहिली.

तू इनस्क्रिप्ट शीक. ही भारतीय भाषांसाठी ठरवलेली प्रमाण मांडणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ साध्या दाबाला, त्याच बटणावर शिफ्ट धरून ‘ख’. ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘ल’वर ‘ळ’. वर आजींना सांगितलं तो ‘न’ इथे व्हीच्या बटणावर आहे आणि ‘म’ सीच्या, दोन्ही एका दाबात, शिफ्टशिवाय. ‘निघालो’ला सहा दाब आणि एक शिफ्ट लागते, थांबणं कुठेच नाही. आणि जे दाबशील तेच उमटतं. फोन काही विचारत नाही, सुचवत नाही, म्हणून खाली बघायचं कारण उरत नाही.

तुझा सध्याचा टच फोन असू दे. त्याला ओटीजी केबलने किंवा ब्लूटूथने छोटा कीबोर्ड जोडता येतो. खरेदीआधी मित्राचा कीबोर्ड जोडून बघ, आणि फोनच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी देवनागरी मांडणी निवडता येते ना, याची खात्री कर. बैठकीत मांडीवर दप्तर, त्यावर कीबोर्ड, आणि फोन आतल्या खिशात असला तरी चालतो. इनस्क्रिप्ट हाताला बसेपर्यंत रोज थोडा वेळ बटणांकडे न बघता लिही. बघून लिहिलंस तर वेग येईल, पण नजर कायमची खाली राहील.

प्रश्न: मला दिसत नाही. तबला शिकवतो, शिष्यांना वेळ कळवायला मेसेज लिहावे लागतात. बटणांच्या फोनवर माझं चालतं. सगळे टच घ्या म्हणतात. भीती वाटते.
— एक वादक, मिरज

उत्तर: चालतंय ते सोडू नका. पाचच्या बटणावर जो बारीक उंचवटा आहे तो तुमच्यासारख्यांच्या बोटासाठीच आहे. त्यावरून वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. टच घेतलात तर त्यातलं टॉकबॅक चालू करून घ्या, म्हणजे बोट फिरवताना फोन अक्षर बोलून सांगतो. पण प्रत्येक अक्षर ऐकून निवडायचं म्हणजे सावकाशीचं काम, आणि शिकवणी चालू असताना कान तबल्याकडे हवेत. तुम्हाला खरा उपयोग होईल तो टचला जोडलेल्या बाहेरच्या कीबोर्डचा. त्यावर एफ आणि जे या बटणांना तसेच उंचवटे असतात. दोन्ही हातांची पहिली बोटं तिथे टेकली की बाकीची बोटं आपोआप जागेवर येतात. ज्या हातांना तबल्यावर चाटीची आणि शाईची जागा न बघता सापडते, त्यांना हे शिकवायला मला आनंद वाटेल. विश्रामबागेला आलात तर क्लासमध्ये एक मशीन तुमच्यासाठी मोकळं ठेवीन, फी नको.

प्रश्न: आता फोनपुढे बोललं की मराठी उमटतं. मग बटणं आणि काचेचा वाद कशासाठी? लिहायचंच कशाला?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर: बोलून लिहिण्याची सोय मीही वापरते. गूगलने ती २०१७ मध्ये मराठीत आणली आणि लांबलचक पत्रासाठी ती खरंच चांगली आहे. हात दुखणाऱ्यांचा तर मोठाच आधार आहे. पण एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, तान्हं बाळ झोपलेल्या खोलीत बोलता येत नाही. सासरी नव्याने गेलेली मुलगी आईला रात्री दोन ओळी पाठवते, त्या तिला मोठ्याने म्हणता येतील का? बाईमाणसाचं कितीतरी लिहिणं असं गुपचूप झालेलं आहे. ती वाट बंद होऊ नये म्हणून हाताने लिहिता आलंच पाहिजे, मग ते बटणावर असो की काचेवर.

काचेच्या बाजूनेही एक सांगायला हवं. बटणं होती तोवर बटणांवर देवनागरी छापायची की नाही, हे कंपनी ठरवायची. २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉईडचे टच फोन आले, आणि कीबोर्ड चित्राचा झाला. चित्र बदलायला कारखाना लागत नाही. आपल्या पोरांनी मराठीत लिहायला सुरुवात केली ती बहुतेकांनी काचेवरच. हे मी विसरत नाही.

प्रश्न: मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत फोनच्या बटणांत हळद बसते. आता पाचचं बटण दाबूनही लागत नाही. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. दुरुस्त होईल का?
— एक दिवाणजी, सांगली

उत्तर: बहुतेक वेळा होतं. हळदीची पूड बारीक असते आणि घामाच्या हाताबरोबर ओली होऊन चकतीच्या कडेला चिकटते. मग चकती बसते पण संपर्क जुळत नाही. नोकिया ११०० हा २००३ चा फोन धुळीच्या मुलखासाठीच काढला होता. त्याच्या बटणांवर रबराचं अखंड आवरण होतं, फट नव्हती. तसा एकसंध रबरी कीपॅड असलेला फोन तुमच्या कामाला योग्य, पुढच्या वेळी तसा बघा.

आत्ताच्या फोनला आधी बंद करा, बॅटरी काढा. रिपेअरवाल्याला कीपॅड उघडून आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, साफ करायला सांगा. पाण्याने किंवा थुंकीने ओल्या केलेल्या फडक्याने घरी पुसू नका, त्याने संपर्कावर गंज धरतो. साफ करूनही पाच लागलं नाही तर चकत्यांची पातळ शीट बदलायला सांगा. तिला ते डोम शीट म्हणतात आणि ती नव्या फोनच्या मानाने अगदी स्वस्त असते. शीट बदलूनही तेच झालं तर बोर्डावरचा संपर्क झिजला असेल. तेव्हा मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं धरा, आणि जुना फोन देण्याआधी त्यातले व्यापाऱ्यांचे नंबर सिमवर किंवा वहीत उतरवून घ्या.